मोहाळ्याची बांगड्या भरणारी भिंत

फार वर्षांपूर्वी, मोहाळे गावात विहिरी कमी आणि शहाणे जास्त होते, त्या काळची ही गोष्ट. विहिरी पुढे वाढल्या.

तेव्हा गावात नेमाजी कासार लाखेचे चुडे वळायचा आणि त्याची बायको गोजरा ते बायकांच्या हातात भरायची. नेमाजी दिवसभर शेगडीपुढे मान खाली घालून बसलेला असे. गावातल्या निम्म्या लोकांची तोंडं त्याला माहीत नव्हती, आणि त्यानं त्याचं काही अडलं नाही. गोजराला मात्र गावातला एकूण एक हात माहीत होता. कोणाचा पंजा रुंद, कोणाचं बोट लहानपणी मोडलेलं, कोणाला घाम सुटतो, कोणाच्या सुनेच्या हातावर भाकरीचा चटका नेमका त्याच जागी वारंवार बसतो, सगळं.

बांगडी भरायची तिची रीत सासूकडून आलेली होती. सासू म्हणायची, "हात ओढायचा नसतो, गोजरे. हात यायची वाट बघायची असते." अंगठ्याच्या मुळाशी मांसाची उशी असते, तिथं आपला अंगठा ठेवायचा, हलकं दाबत राहायचं आणि गप्प बसायचं. हात आधी भितो, मग लाजतो, मग कंटाळतो. कंटाळला की मऊ होतो, आणि बाईला कळायच्या आत बांगडी मनगटात गेलेली असते. गोजराच्या हातून बांगडी कधी वाढली नाही, असं म्हणतात. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. मोडलेल्या गोष्टीला वाढलेली म्हणणं आपल्याला छान जमतं.

चुडा भरून झाला की बाई, मग ती पाटलीण का असेना, कासारणीला वाकून नमस्कार करायची. तशीच रीत होती.

मग एका उन्हाळ्यात तापाची साथ आली आणि नेमाजीला घेऊन गेली. ज्या बायकांचे हात गोजरानं वर्षानुवर्षं भरले होते, त्याच घरी आल्या आणि त्यांनी तिचे हात रिकामे केले. कोणी दुष्टपणानं केलं नाही. रडत रडत, जपून, काच लागू नये म्हणून पदर धरून केलं. काच नव्हतीच, लाख होती. पण रडताना कोण बघतं.

दिवस घातल्यावर गोजरा सवयीनं ओट्यावर येऊन बसली. कोणी आलं नाही. दुपारी जनोबा पाटील आला आणि खाली बघत म्हणाला, "गोजरा, तुझं घर तुझंच. पोटाला गाव कमी पडू द्यायचं नाही. पण पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातनं चुडा कोण भरून घेईल, तूच सांग."

ती उठून आत गेली.

गावानं शब्द पाळला. दळायला धान्य यायचं. आणणारी बाई पाटी उंबऱ्यावर ठेवायची, चार पावलं मागं सरायची, मग हाक मारायची. पीठ तसंच परत जायचं. जिच्या हातात दिवसभर कोणाचा ना कोणाचा हात असायचा, त्या बाईला त्यानंतर माणसाचा हात लागला नाही. उपास तिला सवयीचे होते. हा उपास नवा होता. कधी कधी जात्याचा खुंटा धरून ती दळण संपल्यावरही बसून राहायची, आणि अंगठा आपोआप खुंट्यावर दाबत राहायचा. लाकूड मऊ झालं नाही, असं म्हणतात. काहीजण झालं म्हणतात.

गावाचं मात्र अडलं. लाखेचा चुडा वळणारा गेला आणि भरणारी घरात बसली. तेवढ्यात बुधवारच्या बाजारात दस्तगीर मणेर येऊ लागला. तो काचेच्या बांगड्या आणायचा; हिरव्या, लाल, आरपार दिसणाऱ्या. मोहाळ्यानं अशी चमक पाहिली नव्हती. लाख एका दिवसात म्हातारी झाली. दस्तगीर माणूस उमदा, तोंडानं गोड, पण त्याला सात गावचे बाजार करायचे असायचे. तो हात धरायचा आणि "झालं, झालं, बहिणी, झालंच" म्हणत ओढायचा. बुधवारी संध्याकाळी गावच्या ओढ्यावर मनगटं धुवायला बायकांची गर्दी व्हायची. आपलं सौभाग्य रक्तानं टिकवावं लागतं, असं काही पुरुष कौतुकानं म्हणाले. त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या.

अशात पाटलाच्या सोनाचं लग्न ठरलं. सोनाचा चेहरा आईचा होता आणि पंजा बापाचा. मुलगा असती तर त्या पंजाचं गावानं कौतुक केलं असतं. दस्तगीरनं हिरवा चुडा भरायला घेतला आणि एकामागून एक बांगड्या तिच्या हातावर वाढत गेल्या. पोरगी ओठ चावून बसलेली, मांडीवर काच आणि रक्त. नवरीच्या हातावर एवढ्या बांगड्या फुटणं म्हणजे काय, हे कोणी तोंडानं बोललं नाही, पण म्हाताऱ्या एकेक करून उठून गेल्या. दस्तगीरनं कपाळाचा घाम पुसला. "पाटलीणबाई, हा हात माझ्यानं व्हायचा नाही. अल्लाला ठाऊक कोणाच्यानं होईल."

कोणाच्यानं होईल हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

जानकाबाई पाटलीण मागच्या दारानं गोजराकडे आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि दाराच्या चौकटीशी बोलू लागली.

"गोजरा, पोरीचं वाटोळं होईल गं."

"हात दाखवा तिचा."

"कसा दाखवू? तुझं तोंड नवरीनं बघायचं नाही."

गोजरा म्हणाली, "अपशकुन तोंडाचा असतो ना, पाटलीणबाई? हाताचाही असतो का?"

जानकाबाईला हे ठाऊक नव्हतं. ती गुंडोपंत जोशांकडे गेली. गुंडोपंतांनी पोथी काढली. विधवेनं काय खाऊ नये, काय नेसू नये, कुठं उभं राहू नये, तिचं तोंड कोणी कधी बघू नये, सगळं सविस्तर होतं. भिंतीपलीकडून आलेल्या हाताबद्दल मात्र ऋषी गप्प होते. "जे लिहिलेलं नाही ते निषिद्ध नाही," असं गुंडोपंत म्हणाले. एरवी ते याच्या बरोबर उलट म्हणत, पण लग्न पाटलाच्या घरचं होतं. त्यांनी एवढीच अट घातली, की तोंड दिसता कामा नये आणि आवाजही ऐकू येता कामा नये.

गोजरानं पहार घेतली आणि गल्लीकडच्या मातीच्या भिंतीला कोपराच्या उंचीवर एक भोक पाडलं. हात जाईल एवढं.

मग जानकाबाईनं काचेच्या बांगड्यांचं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि ती चार पावलं मागं सरली. गोजरा ताट घेऊन आत आली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण जन्मात काच भरलेली नाही. लाख तिला कळत होती. लाखेची बांगडी घट्ट झाली की निखाऱ्यावर जरा धरायची, ती माणसासारखी सैल पडते. गोजरानं नेमाजीची शेगडी पेटवली आणि काचेची बांगडी निखाऱ्यावर धरली. ती तडकली. दुसरी धरली, तीही तडकली. काचेला ऊब सोसत नाही हे तिला त्या दिवशी कळलं. घरात रडायला जागा भरपूर होती, पण वेळ नव्हता.

तिनं शेगडी विझवली आणि दार लावलं. शिकायचं तर हात हवा, आणि घरात हात एकाचाच होता. भर दुपारी, दाराला कडी घालून, नेमाजीच्या विधवेनं आपल्या डाव्या मनगटात हिरवी बांगडी चढवायला घेतली.

लाख बाईचं ऐकते, काच ऐकत नाही. तिथं हातानंच ऐकावं लागतं. हे कळेपर्यंत बरंच रक्त गेलं. मग तिनं सगळं सोडून सासूचा अंगठा आठवला. उजव्या हाताचा अंगठा डाव्याच्या मुळाशी ठेवला, हलकं दाबत राहिली आणि गप्प बसली. हात भ्याला, लाजला, कंटाळला. बांगडी आत गेली. गोजरानं हात कानाशी नेऊन हलवला, किण् असा आवाज झाला. लाखेला आवाज नव्हता. तिनं तो पुन्हा हलवला. मग बांगडी काढायला शिकली, कारण तेही शिकणं भागच होतं.

दुसऱ्या दिवशी सोनाचा हात भिंतीतून आत आला. ओरखडलेला, गार, घाबरलेला. गोजरानं तो धरला आणि थरथरला तो तिचाच हात. बऱ्याच दिवसांनी माणूस हाताला लागलं होतं. बाहेरच्या पोरीला वाटलं, भिंत हलली. मग अंगठ्याखाली हळूहळू सगळं मऊ होत गेलं, आणि चुडा कोपराकडे चढत गेला, एकही न वाढता. सोनानं हात बाहेर काढला, बघितला, आणि रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. भिंतीला. गोजराला भोकातून हिरव्या शालूचा एक तुकडा खाली जाऊन वर येताना दिसला.

"कोणी भरला गं चुडा?" सासरच्यांनी विचारलं.

"आमच्या गावच्या भिंतीनं," सोना म्हणाली.

हे उत्तर गावाला फार आवडलं. त्यात कोणाचीच अडचण नव्हती. बायका एकमेकींना सांगू लागल्या, "जरा भिंतीकडे जाऊन येते." हळूहळू लोकांचा त्यावर विश्वासही बसला. शेजारच्या वडगावकरांनी तर ईर्ष्येनं आपल्या चावडीच्या भिंतीला याहून मोठं भोक पाडलं. आत कोणी बसवायचं असतं हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. त्यांच्या पोलीसपाटलाची बायको दिवस मावळेस्तो आत हात घालून उभी होती. शेवटी आतून शेळीनं हात चाटला, तेव्हा भिंत प्रसन्न झाली म्हणून तिथं नारळ फुटला, असं म्हणतात.

मोहाळ्याची भिंत चालू लागली. दस्तगीर बुधवारी मागच्या दाराशी यायचा. गोजराशी तोंडानं बोलणारं असं ते एकच माणूस.

"वैनी, माल माझा आणि हात तुझा. माझा हात फक्त बैल हाकायला बरा."

"ओढायची सवय गेली का?"

"बैल ओढतात आता," तो हसायचा आणि नवा माल उंबऱ्यावर मांडायचा.

माल सारखा बदलत होता. जाड काच गेली, बारीक आली. बिलोरी आली, वर्ख लावलेली आली, नक्षीची आली. नखानं टिचकी मारली तरी वाढेल इतकी नाजूक आली. आजूबाजूच्या गावांतली कासारांची जुनी घरं लाखेला धरून बसली आणि बसल्या जागी संपली. दुसरी काही प्रत्येक नव्या मालामागं पळाली, आणि त्यांचे हात कधीच कशावर बसले नाहीत. गोजरा प्रत्येक नवी तऱ्हा घरात न्यायची, कडी घालायची आणि आधी आपल्या मनगटात भरून बघायची. कडा कशी आहे, कुठं अडते, किती दम धरावा लागतो. मग काढून ठेवायची. मोहाळ्यात नवी टूम पहिल्यांदा कोणाच्या हातात चढते, हे गावाला कधीच कळलं नाही.

दस्तगीर एकदा म्हणाला, "वैनी, तालुक्याच्या पेठेला चल. तिथं मोठी भिंत बांधू, चार भोकांची."

"बांगडी रोज नवी आण, शिकेन," गोजरा म्हणाली. "पण अंगठा ठेवायची जागा तीच आणि हात इथले."

"तुझ्यासारखी आडमुठी बघितली नाही. आणि इतक्या लवकर शिकणारीही."

बोलणं एवढंच, आठवड्यातून एकदा. बाकी दिवस ती भिंत होती.

भिंत बोलत नाही हे माहीत झाल्यावर बायका बोलू लागल्या. हात आत असायचा आणि तोंड भोकाशी. "भिंतबाई, सासू काही मरत नाही गं." "भिंतबाई, कोणाला सांगू नकोस, मला परत दिवस गेलेत." "तुझं बरं आहे बया, तुला ना नवरा ना दीर." आत गोजरा पदराचा बोळा तोंडात धरून बसायची, कधी हसू दाबायला, कधी दुसरं काही. हात सुजलेला आला तर ती बांगड्या सैल भरायची. हात जास्तच थरथरला तर अंगठा जरा जास्त वेळ ठेवायची. उत्तर एवढंच देता यायचं. गावातली सगळी दुःखं तिला तोंडपाठ झाली, आणि तिला मात्र कोणी विचारलं नाही, कारण भिंतीला काय विचारायचं?

आणखी एक होतं. जिचा नवरा जाई तिचा हात यायचा बंद होई. गोजराला रडणं ऐकू येण्याआधी कळायचं, सणाला अमका हात आला नाही. ती मनातल्या मनात त्या हाताची वाट बघायची आणि तो कधी येत नसे.

सोना दर श्रावणात माहेरी यायची आणि भिंतीकडे हात द्यायची. पोरीचा हात बाईचा झाला, बाईचा प्रौढ झाला. आणि एका श्रावणात तो आला नाही. गोजरानं नागपंचमीपासून वाट बघितली. गल्लीतून हिरव्या, लाल साड्या आल्या आणि गेल्या. मग कळलं, सोना कायमची माहेरी आली आहे, पण तिनं बाहेर यायचं कारण उरलेलं नाही.

पावसाळा सरला. एका दुपारी, गल्लीत कुत्रंसुद्धा नसताना, भोकातून एक हात आत आला. रुंद पंजा, बापाचा. मनगट उघडं.

गोजरानं सवयीनं अंगठा ठेवला. मग ताटाकडे वळली आणि थांबली.

"बांगड्या नकोत, भिंतबाई," बाहेरून आवाज आला. "नुसता धर."

गोजरानं धरला. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग ज्या भिंतीनं इतक्या वर्षांत हूं की चूं केलं नव्हतं, ती भिंत म्हणाली, "सोने."

बाहेरचा हात दचकला नाही. उलट त्यानं आतला हात घट्ट पकडला, मग सोडला आणि तो बाहेर गेला. "आता तुझा दे," सोना म्हणाली.

गोजराचा हात कोपरापर्यंत उन्हात आला. त्यावर बारीक पांढऱ्या ओरखड्यांची गर्दी होती, जुन्यावर नवे. इतकी वर्षं रिकाम्या हातानं राहिलेल्या बाईच्या हातावर असे ओरखडे कसे, हे सोनाला एका नजरेत समजलं. तिनं अंगठ्याच्या मुळाशी आपला अंगठा ठेवला आणि हलकं दाबत राहिली. हात लाकडासारखा होता. ऊन गल्लीच्या या कडेवरून त्या कडेला गेलं तेव्हा कुठं तो मऊ झाला. आतून रडण्याचा आवाज आला म्हणतात. पण भिंतीला पाझर फुटतो असं आपण एरवीही म्हणतोच.

त्यानंतर सोना रोज दुपारी यायची. गाव बघून न बघितल्यासारखं करायचं. त्यात गावाचा हातखंडा होता.

पुढच्या संक्रांतीच्या आधी बायका रांगेनं उभ्या होत्या आणि पहिल्या बाईचा हात आत कोणी धरला नाही. बाई म्हणाली, "भिंत झोपली वाटतं." सोनाला कळलं. ती मागच्या दारानं आत गेली, ज्या दारातून इतक्या वर्षांत कोणी आत गेलं नव्हतं. गोजरा भिंतीला टेकून बसली होती, एक हात भोकाकडे केलेला. आणि दोन्ही हात मनगटापासून दंडापर्यंत बांगड्यांनी भरलेले होते, असं म्हणतात. खाली नव्या नक्षीच्या, वर वर्खाच्या, मग बिलोरी, मग जाड हिरव्या, आणि सगळ्यात वर, दंडाला, नेमाजीच्या हातची लाखेची एक.

विधवेला अशी कशी न्यायची म्हणून वडीलधारे जमले. बांगड्या निघेनात. दगड आणला, तर दगडाचे दोन तुकडे झाले आणि काचेला चरा गेला नाही. थकलेल्या गुंडोपंतांनी पोथी काढली. पोथीत याबद्दल काही सापडलं नाही. पोथी तशी समजूतदार होती. शेवटी गोजराला आहे तशीच नेली, आणि ती ओढ्यापर्यंत किणकिणत गेली.

बाहेर रांग तशीच होती. सोना त्या जागेवर जाऊन बसली आणि तिनं पहिला हात धरला.

मोहाळ्यात आता पक्की घरं झाली, गल्लीत सिमेंट झालं, बांगड्यांची दुकानं झाली. ती एक भिंत मात्र मातीची आहे आणि दर वर्षी लिंपली जाते. लग्न ठरलं की मुलगी आधी भिंतीकडे जाते. बांगड्या काचेच्या असोत, धातूच्या असोत, प्लास्टिकच्या असोत, भिंत तक्रार करत नाही. आत कोण बसतं हे विचारायचं नसतं. सगळ्यांना माहीत असतं, आणि आत बसायला गावात कोणी ना कोणी असतंच.

चुडा भरून झाला की नमस्कार करायचा. मग भोकातून एक हात बाहेर येतो, रिकामा. नवरीनं तो धरायचा, अंगठ्याच्या मुळाशी आपला अंगठा ठेवायचा, आणि तो मऊ होईपर्यंत सोडायचा नाही. मांडवात वाजंत्री थांबलेली असते, भटजी घड्याळ बघतात, मामा हाका मारतो. तरी सोडायचा नाही. काही हातांना फार वेळ लागतो.

म्हणूनच मोहाळ्यात एकही लग्न मुहूर्तावर लागत नाही, असं म्हणतात.